लहान जुना ट्रॅक्टर आणि त्यास साजेसा नांगर

दौंड-सोलापूर लोहमार्गावरील केम हे गाव बाहेरच्या लोकांस कुंकवाकरिता ठाऊक आहे. शेतकऱ्यास मात्र तिकडील जमिनीचा उतार अधिक बोधप्रद वाटेल. या भागात वर माळाची बरड, मध्ये मध्यम काळी व ओढ्याकाठी भारी काळी, अशा तीन जाती पुष्कळदा एकाच खातेदाराच्या वाट्यास येतात. ट्रॅक्टर मात्र एकच, आणि तोही बहुधा जुना: १९५९ साली फरीदाबादेस प्रथम निघालेल्या आयशरच्या, किंवा १९७१ पासून पिंजोरास झेटरच्या सहकार्याने बनलेल्या एच.एम.टी.च्या घराण्यातला, २५ अश्वशक्तीच्या आसपासचा. त्याबरोबर दोन फाळी नांगर घेतला जातो, आणि चूक होते ती येथेच.

हिशोब अवघड नाही. दोन फाळांची रुंदी ६० सेंटीमीटर व खोली २० धरल्यास १,२०० चौरस सेंटीमीटर माती कापावयाची. मध्यम जमिनीत दर चौरस सेंटीमीटरास सुमारे ०.४ किलो ओढ लागते, म्हणजे ४८० किलो. वाळलेल्या भारी काळीत ०.७५ धरा, ओढ ९०० किलो झाली. जुन्या यंत्राची निम्मी शक्तीच प्रत्यक्ष ओढीस मिळते असे मानल्यास ताशी ४ किलोमीटर चालीने ते ८०० किलोंच्या थोडे वर जाईल, तेही चाके न घसरल्यास. आणि हलक्या यंत्राची चाके त्याआधीच घसरू लागतात.

मग हाकणारा काय करतो? नांगर वर उचलतो. चार बोटे माती हलते, रान नांगरलेले दिसते, आणि दरसाल त्याच खोलीवर खाली घट्ट थर बसत जातो. आपली रब्बी ज्वारी साठलेल्या ओलीवर जगणारी. पाणी खाली न मुरले व मूळ खाली न गेले तर उरले काय? १९०३ साली किर्लोस्करांचा लोखंडी नांगर निघाला तेव्हा लोखंडाने जमीन बाधते असे लोक म्हणत. आज लोखंड जितके अधिक तितके बरे, असा उलटा ग्रह झाला आहे.

आमच्या मते भारी काळीत एकच फाळ लावावा. पुष्कळ नांगरांचा मागील फाळ बोल्ट काढून उतरविता येतो. मात्र त्यानंतर नांगर सरकवून ओढीची रेषा नीट बसवावी, नाही तर यंत्र एका अंगास ओढते. नांगरट ज्वारी निघताच, जमिनीत थोडी ओल असता करावी. चैत्रापर्यंत थांबल्यास ढेकळे निघतात, ती कुळवास आवरत नाहीत. काम संपताच पलटीस वंगण चोपडावे. गंजलेल्या पलटीस काळी माती चिकटते व ओढ वाढते.

मध्यम जमिनीत दोन फाळ खुशाल चालवावे. बरडीत दगड असल्यास तव्यांचा नांगर बरा, कारण तवा दगडावरून चढून जातो, फाळ मोडतो. तेथे खोली मातीच्या थराइतकीच ठेवावी; मुरूम वर आला की पुन्हा खाली जात नाही. हराळीच्या रानात मात्र तवे घालू नयेत. ते तिच्या काशांचे तुकडे करून जणू पेरणीच करतात. तेथे पलटी नांगराने मुळ्या उघड्या पाडून उन्हात वाळवाव्या व वेचून काढाव्या.

जुना ट्रॅक्टर व नांगर जोडीने घेणाऱ्याने पैसे मोजण्यापूर्वी तो विकणाऱ्याच्या रानात नव्हे, आपल्या सर्वांत भारी तुकड्यात वीतभर खोल दोन तासे चालवून पाहावा.