वृद्धांची आबाळ : ती ओळखावी कशी?

जयपूरमध्ये मे महिन्याच्या अखेरीस उष्णतामान ४५ अंशांच्या घरात जाते. अशा एखाद्या दुपारी, परकोट्यातील म्हणजे जुन्या तटाच्या आतील वस्तीतून, ऐंशी वर्षांच्या एका स्त्रीला सवाई मानसिंह रुग्णालयात आणले आहे अशी कल्पना करू. ती ग्लानीत आहे. तिची जीभ कोरडी पडली आहे, दंडावर काळानिळा डाग आहे आणि माकडहाडापाशी जखम आहे. मुलगा सांगतो की, आई परवा न्हाणीघरात पडली आणि तेव्हापासून काही खात-पीत नाही. मुलाचे हे म्हणणे खरे असेल, खोटे असेल किंवा काही अंशी खरे असेल. डॉक्टरांनी ते कसे ठरवावे, या प्रश्नाला शास्त्राने आजवर कोणती उत्तरे शोधली आहेत, ते येथे पाहावयाचे आहे.

आरंभी शब्दांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. या विषयावरील इंग्रजी लेखनात जे दोन शब्द नेहमी जोडीने येतात, त्यांच्यासाठी मराठीत तीन शब्द हाताशी आहेत आणि हे तिसरेपण उपयोगाचे आहे. छळ जाणूनबुजून होतो. हेळसांड करणाऱ्याला आपले कर्तव्य ठाऊक असते, पण तो ते टाळतो. आबाळ मात्र कोणाच्याही मनात वाईट नसताना होऊ शकते : सून दिवसभर कामावर असते, मुलगा परगावी असतो, पती स्वतःच अंथरुणाला खिळलेला असतो. शरीरावरील खुणा तिन्ही प्रसंगी पुष्कळदा सारख्याच दिसतात. उपाय मात्र तिन्हींचे वेगळे आहेत.

बालकांना होणाऱ्या मारहाणीचे वैद्यकीय चित्र हेन्री केम्प व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली अमेरिकेत मांडले. वृद्धांविषयीची पहिली दखल ब्रिटनमधील वैद्यकीय नियतकालिकांनी १९७५ साली घेतली. या विलंबाचे एक कारण विषयातच आहे. ज्या अर्भकाला अजून रांगताही येत नाही, त्याच्या अंगावर काळानिळा डाग दिसला की संशय घेण्यास जागा असते. वृद्ध मनुष्य मात्र खरोखरच वारंवार पडतो. त्याची कातडी पातळ झालेली असते, रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतात, आणि पलंगाच्या कडेला हात लागला तरी रक्त साकळते. म्हणून संशोधकांना प्रथम उलट बाजूने आरंभ करावा लागला : कोणीही न मारता वृद्धांच्या अंगावर कोठे व कसे डाग पडतात?

कॅलिफोर्नियात लॉरा मॉस्क्वेडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १०१ वृद्धांच्या अंगावरील डागांचे दररोज निरीक्षण केले आणि २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपोआप अथवा अपघाताने पडलेल्या डागांपैकी सुमारे ९० टक्के डाग हातापायांवर होते. मान, कान, ढुंगण व तळपाय या जागी एकही नव्हता. त्याच अभ्यासाने एक जुनी समजूतही डळमळीत केली. डाग प्रथम लाल, मग निळा, मग पिवळा होतो आणि त्या रंगावरून त्याचे वय सांगता येते असे मानले जाई. परंतु काही डाग पहिल्याच दिवशी प्रामुख्याने पिवळे दिसले. पुढे २००९ साली प्रत्यक्ष मारहाण झालेल्या ६७ वृद्धांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांच्यापैकी ज्यांच्या अंगावर डाग होते, त्यांतील निम्म्याहून अधिक जणांच्या अंगावर पाच सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा डाग होता, आणि चेहरा, उजव्या दंडाची बाहेरची बाजू व पाठ या जागी डाग अधिक आढळले. ज्यांच्या अंगावर डाग होते त्यांतील दहांपैकी नऊ जणांना ते कशाने पडले हे सांगता आले, आणि त्यांत स्मृती क्षीण झालेलेही कित्येक होते. माझ्या मते या संशोधनातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच. कारण "म्हातारीला काय आठवणार" असे म्हणून तिला प्रश्नच न विचारण्याची रीत आपल्याकडे फार आहे.

आता पाण्याकडे वळू. उतारवयात तहान लागण्याची जाणीव मंदावते आणि मूत्रपिंडाची पाणी राखण्याची शक्तीही घटते. जयपूरच्या उन्हाळ्यात सुदृढ वृद्धालाही आठवणीने पाणी द्यावे लागते; जो स्वतः उठू शकत नाही, त्याचे पाणी तर सर्वस्वी दुसऱ्याच्या हाती असते. शरीरातील पाणी कमी झाले की रक्तातील सोडियमचे प्रमाण चढते. कातडी चिमटीत धरून पाहण्याची परीक्षा वृद्धांच्या बाबतीत फसवी ठरते, कारण कातडीचा ताण वयानेच गेलेला असतो. रक्ताची तपासणी अधिक विश्वसनीय होय. लंडनमधील दोन रुग्णालयांत दाखल झालेल्या ६५ वर्षांवरील रुग्णांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. स्वतःच्या घरातून आलेल्यांपैकी १.३ टक्के रुग्णांत सोडियम चढलेले होते, तर शुश्रूषागृहांतून आलेल्यांत हेच प्रमाण १२ टक्के होते. तेथे कोणी जाणूनबुजून पाणी तोडले होते, असे यावरून सिद्ध होत नाही. पेला हाताच्या टप्प्यात नव्हता एवढेही कारण पुरे होते.

माकडहाडापाशील शय्याव्रणाचेही असेच आहे. एकाच अंगावर तासन्तास पडून राहिल्याने तेथील रक्तप्रवाह अडतो आणि मांस मरते. दर दोन-तीन तासांनी कूस बदलल्याने बहुतेक व्रण टळतात. परंतु मरणासन्न रुग्णाला उत्तम शुश्रूषेतही व्रण होऊ शकतो. म्हणून केवळ व्रण पाहून कुटुंबावर ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. तो बांधला होता का, त्यावर कोणाला दाखवले होते का, अंथरूण कोरडे असते का, हे विचारावे लागते. क्ष-किरण चित्रात कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागातील करंगळीकडील हाड मध्येच मोडलेले दिसले, तर घाव चुकविण्यासाठी हात वर उचलला होता काय, हा प्रश्न मनात आणणे मात्र योग्य ठरते. हात टेकून पडणाऱ्याचे हाड बहुधा मनगटापाशी मोडते.

विचारणे हीदेखील एक पद्धती आहे. माँट्रिऑल येथील मार्क याफे व सहकाऱ्यांनी २००८ साली सहा प्रश्नांची एक छोटी सूची तयार केली. पाच प्रश्न रुग्णाला विचारावयाचे : अन्न, औषधे किंवा चश्मा मिळण्यात कोणी अडथळा आणले काय, मनाविरुद्ध कागदांवर सही घेतली काय, इत्यादी. सहाव्याचे उत्तर डॉक्टरांनी स्वतःच्या निरीक्षणावरून द्यावयाचे. सर्व मिळून दोनेक मिनिटे लागतात. अट एकच : त्या वेळी घरचे कोणीही जवळ नसावे. जयपुरातील वृद्धा ढूंढाडीच बोलत असेल आणि दुभाष्या म्हणून मुलगाच उभा असेल, तर सूची व्यर्थ होय. दुभाष्याचे काम परिचारिकेने करावे.

हे सर्व करण्याइतके प्रमाण मोठे आहे काय? मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७–१८ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत साठीवरील सुमारे ५ टक्के लोकांनी गेल्या वर्षभरात दुर्वर्तन सोसल्याचे सांगितले. चेन्नईत ४०० वृद्धांच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे प्रमाण १४ टक्के होते. घरी येऊन विचारणाऱ्या परक्या माणसाला कोण किती सांगेल, हे लक्षात घेता लहान आकडा फारसा दिलासा देत नाही. परिणामही गंभीर असतात. अमेरिकेत न्यू हेवन येथील २,८१२ वृद्धांचा १९८२ पासून तेरा वर्षे मागोवा घेतला, तेव्हा छळ झालेल्यांपैकी ९ टक्केच हयात होते. ज्यांच्याविषयी कोणतीही तक्रार आली नव्हती त्यांच्यापैकी ४० टक्के होते. आजारपण व दुर्बलता यांचा हिशेब वजा घालूनही मृत्यूचा संभव सुमारे तिप्पट राहिला.

तथापि प्रत्येक वृद्धाची सरसकट चाळणी केल्याने त्याचे हित होते, असा पुरेसा पुरावा नाही, असे अमेरिकेतील एका तज्ज्ञ मंडळाने २०१८ साली सांगितले. शोधल्यावर करावयाचे काय, हे ठाऊक नसेल तर शोधण्याने संकटच वाढते. भारतात २००७ चा पालक व ज्येष्ठ नागरिक कायदा आहे आणि राजस्थानात तो २००८ पासून लागू आहे. उपविभागीय पातळीवरील न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्च मागता येतो. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास परत मिळविता येते. वृद्धाला टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. मात्र संशय आल्यास डॉक्टरांनी कळविलेच पाहिजे, असे बंधन या कायद्यात नाही. २०२१ मध्ये सुरू झालेल्या १४५६७ या दूरध्वनी क्रमांकावर वृद्धांना स्वतःही मदत मागता येते.

पण आबाळीला न्यायाधिकरण उपयोगी पडत नाही. तेथे सुनेला कूस बदलण्याची रीत दाखविणे, उशाशी झाकलेला तांब्या ठेवणे, शेजारणीला दुपारी डोकावण्यास सांगणे, घरी येणारी परिचारिका मिळवून देणे, असे उपाय योजावे लागतात. आणि शुद्धीवर आलेली, सर्व समजणारी ती स्त्री म्हणाली की, "मला तक्रार करावयाची नाही, घरी जावयाचे आहे," तर तिला घरी जाऊ देणे भाग आहे. अशा वेळी डॉक्टर डागांची मापे व जागा केसपेपरवर नोंदवून ठेवतात, परिचारिका तिच्या कानात क्रमांक सांगते, आणि पुढल्या तपासणीची तारीख महिन्यावर न टाकता आठ दिवसांवरची देतात.