कानाचं ऑपरेशन आणि डगमगणारी पावलं

माझ्या उजव्या कानाचं मॅस्टॉइडचं ऑपरेशन झालं, तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "आता ऐकू येतं का?" नीट चालता येतं का, हे कुणीच विचारलं नाही. अडचण तर तिथेच होती. पहिले चार दिवस मान वळवली की खोली फिरायची.

आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं की त्यांतला द्रव हलतो आणि मेंदूला खबर जाते. दोन्ही कानांची खबर जुळावी लागते. मॅस्टॉइडच्या ऑपरेशनमध्ये ड्रिल या नलिकांच्या अगदी जवळ चालतं. त्यामुळे काही जणांची एका बाजूची खबर थोडे दिवस बिघडते. मग मेंदू डोळ्यांच्या आणि तळपायांच्या भरवशावर काम चालवतो. म्हणूनच अंधारात, किंवा तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो. रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवा. आमच्या वयात मांडीचं हाड मोडलं तर कान परवडला म्हणायची वेळ येते!

काहींच्या कानात ऑपरेशननंतर मोठी पोकळी उरते. अशा वेळी आडवी नलिका बाहेरच्या हवेच्या जवळ येते. गार वारा किंवा गार पाणी आत गेलं की नलिकेतला द्रव थंड होऊन हलतो आणि गरगरतं. कानात गार आणि गरम पाणी सोडून तोल तपासण्याची पद्धत याच तत्त्वावर रॉबर्ट बारानी यांनी बसवली. त्यांच्या या क्षेत्रातल्या कामाला १९१४ चं नोबेल मिळालं. बातमी आली तेव्हा हे लष्करी डॉक्टर रशियाच्या कैदेत होते. फौजी माणूस, म्हणून मला त्यांचं जरा जास्तच कौतुक.

डॉक्टरांनी परवानगी दिली की पलंग सोडा, कुणाचा तरी हात धरून चाला. हालचालीतूनच मेंदू नवा हिशेब शिकतो. चक्करीच्या गोळ्या मनाने लांबवू नका, त्यांनी हे शिकणं मंदावतं. नाक जोरात शिंकरू नका. चक्कर कमी होण्याऐवजी वाढली, ऐकू येणं एकदम घटलं, तोंड एका बाजूला वाकडं झालं किंवा तापाबरोबर डोकं ठणकू लागलं, तर त्याच दिवशी सर्जनला गाठा.

पोहण्याची घाई नको. पोकळीत गार पाणी शिरलं तर पाण्याखाली वर कुठे, खाली कुठे, हेच कळत नाही.