रेंज गेली तरी वाट सापडते!

मैत्रिणींनो, दिवाळीच्या आधीची गोष्ट. आमचे हे मोटारसायकलवरून भोरहून महाडला निघाले. 'मी कुठवर आलो ते तुला दिसत राहील,' म्हणून मोबाइलवर तशी सोयही करून गेले. नकाशावर त्यांचा ठिपका छान सरकत होता. वरंधा घाटाशी येऊन जो थांबला, तो थांबलाच! पोळ्या लाटता लाटता मी दहा वेळा पाहिलं. सासूबाईंनी देव पाण्यात ठेवायचेच बाकी होते. शेवटी महाडहून फोन आला, "पोचलो गं, चहा घेतोय!"

मी शाळेत भूगोल शिकवते, तरी हे कोडं मला सुटेना. मग वाचून काढलं.

आपला फोन दोन वेगळी कामं करतो. आपण कुठे आहोत हे त्याला उपग्रहांकडून कळतं. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत संदेश पाठवतात. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले, की फोन आपली जागा स्वतःच काढतो. रेडिओसारखा तो नुसता ऐकतो. त्याला रेंज लागत नाही की डेटा. पण रस्त्यांचा नकाशा आणणं आणि आपला ठावठिकाणा दुसऱ्याला कळवणं, ही कामं टॉवरची. डोंगर आडवा आला, की ती थांबतात. म्हणजे ह्यांच्या फोनला आपण कुठे आहोत ते ठाऊक होतं, मला सांगायची सोय तेवढी नव्हती!

तेव्हा घाटात किंवा राजगड-तोरण्याला जाताना एवढं करा:

• त्या भागाचा नकाशा घरूनच फोनमध्ये उतरवून घ्या.

• रेंज नसताना जागा सापडायला वेळ लागतो. मोकळ्या आकाशाखाली चार मिनिटं थांबा.

• ठिपका थांबलेला दिसला, तर तो किती वेळापूर्वीचा आहे ते आधी पाहा.

• कुठल्या वाटेने जाणार, फोन किती वाजेपर्यंत करणार, हे घरी सांगून निघा. फोनला जागा कळली, तरी रेंजवाचून मदतीची हाक घरी पोचत नाही.

आता हे निघाले, की डबा हातात देताना मी विचारते, "नकाशा घेतलात ना? आणि फोन किती वाजता?"