कुंपणाआतलं समीकरण

दोन जातींमधली स्पर्धा व्हिटो व्होल्टेराने 1926 साली समीकरणांत मांडली, त्याला आता 100 वर्षं होताहेत. आनंद व्हायला हवा. पण एका तरुण अभ्यासक मुलीच्या प्रस्तावातून कुंपण घालून करायचा प्रयोग ‘वेळखाऊ’ म्हणून वगळल्याचं कळलं आणि मन विटलं. नोंदींचे नकाशे एकमेकांवर ठेवायचे, दोन जाती एकत्र दिसल्या नाहीत की स्पर्धेचा शिक्का मारायचा, एवढ्यावर हल्ली भागतं.

पहिल्या पन्नास वर्षांत तशीच समीकरणं मांडणारा लोटका, व्होल्टेरा आणि 1934 चा, नळ्यांत पॅरामिशियम हे एकपेशीय जीव वाढवणारा गॉझे. सूत्र एकच: जातभाईंचा जाच परक्यांच्या जाचापेक्षा जास्त असेल, तरच दोन्ही जाती टिकतात.

मन रमतं ते ऐंशीच्या दशकात. आम्ही प्राणिशास्त्राचे विद्यार्थी. गणिताचं नाव काढलं की, “सरडे बघा, समीकरणं कसली सोडवता?” असं वरिष्ठ सुनवायचे. तिकडे 1979 मध्ये कॉनर आणि सिम्बर्लॉफ यांनी, बेटांवरची जातींची वाटणी योगायोगानेही होऊ शकते, असं म्हणत स्पर्धावाद्यांकडे पुरावा मागितला होता.

आमच्या वरिष्ठांना आणि या शंकेखोरांना, दोघांनाही उत्तर मिळालं ते कॅरिबियन बेटांवर. स्टीफन पकाला आणि जोन रफगार्डन यांनी रानात 12 मीटर लांब-रुंद कुंपणं घातली. सेंट मार्टिनवर जिंजिव्हिनस जातीचे सरडे काही कुंपणांत एकटे ठेवले, काहींत पोगस या दुसऱ्या जातीच्या सरड्यांसोबत. पोगस असला की जिंजिव्हिनसच्या पोटात अन्न कमी भरायचं, वाढ मंदावायची, बसायची जागा वर सरकायची. शेजारच्या सेंट युस्टेशियसवर दोन जातींच्या आकारात मोठी तफावत. तिथे असा फटका बसलाच नाही. जेवढं साम्य तेवढी चुरस, हे फळ्यावरचं म्हणणं सरड्यांच्या अंगावर मोजून दाखवलं गेलं. त्या वरिष्ठांनी ते कधी मान्य केलं नाही, याची चीड अजून गेलेली नाही.

पुढे 1992 मध्ये जोसेफ शॉल यांनी दाखवलं की, सेंट मार्टिनवर पोगस तग धरून होता तो जिथे जिंजिव्हिनसला हिवतापाच्या परजीवीने ग्रासलं होतं तिथेच. समीकरणात नसलेला हा तिसरा रक्त तपासल्याशिवाय दिसला नसता. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर पवनचक्क्यांपाशी शिकारी पक्षी घटले आणि सरडे वाढले, हेही 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जागेवर मोजूनच कळलं.

प्रयोग वगळणाऱ्यांना माझं सांगणं आहे: गणित हवंच, पण त्यात भरायचे आकडे रानातूनच आणावे लागतात आणि त्याला हंगामामागून हंगाम जातात. तेवढा वेळ त्या मुलीला द्या.