सपाट वाटेवरचा चढ

दोस्तांनो, आधी एक विचित्र आकडा लिहून घ्या: २१ किलोमीटर आणि साडेसत्त्याण्णव मीटर. हे हाफ मॅरेथॉनचं अंतर. एवढा वेडावाकडा आकडा कुणी ठरवला असेल? गंमत अशी, की १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू झाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या बैठकीसमोर संपली. ते अंतर भरलं ४२.१९५ किलोमीटर. पुढे १९२१ साली तेच कायमचं ठरलं. त्याचं निम्मं म्हणजे आपली हाफ मॅरेथॉन.

आता ही शर्यत पळायला जागा कुठली निवडाल? अहिल्यानगर म्हणजे आपल्या जुन्या नगर जिल्ह्यात दोन टोकांना दोन तऱ्हा आहेत. पश्चिमेला अकोले तालुक्यात भंडारदऱ्याचा जलाशय. १९२६ साली पुरं झालेलं विल्सन धरण, भोवती रतनगड, कळसूबाई. देखणी जागा, पण रस्ता सारखा चढतो आणि उतरतो. पूर्वेला शेवगाव-नेवासे तालुक्यांत मात्र पैठणच्या जायकवाडी धरणाचं पाणी पसरलेलं आहे. त्याचं नाव नाथसागर. धरणाचं उद्‌घाटन झालं १९७६ साली, आणि या पाण्याखाली कितीतरी गावं गेली. इथे काळ्या मातीचा सपाट मुलूख, ऊस, कापूस आणि नजर पोचेल तिथवर पाणी. थंडीत रोहित पक्षी येतात ते वेगळंच.

“सपाट आहे ना? मग सोपं!” असं तुमच्यातले निम्मे तरी म्हणाले असतील. इथेच फसायला होतं. चढ असला की तो आपल्याला आपोआप रोखतो. दम लागतो, पाय मंदावतात, डोकं ताळ्यावर येतं. सपाट वाटेवर असा मास्तर नसतो. पहिल्या दोन किलोमीटरात अंग हलकं वाटतं, थंडगार हवा असते, शेजारचे सुसाट सुटलेले असतात. आपणही सुटतो, आणि त्याचं बिल पंधराव्या किलोमीटरनंतर येतं.

हिशेबच करू या. समजा तुमची ताई पहिल्यांदाच हाफ मॅरेथॉन पळणार आहे आणि तिला २ तास २० मिनिटांत पोचायचं आहे. भागाकार केलात तर एका किलोमीटरला ६ मिनिटं ३८ सेकंद येतात. पण सुरुवातीला तिला चेव आला. पहिले पाच किलोमीटर तिने सहा-सहा मिनिटांत काढले. तीन मिनिटं दहा सेकंद वाचले! पुढचे नऊ किलोमीटर ठरल्या गतीने झाले. मग पाय जड झाले आणि उरलेले सात किलोमीटर ७ मिनिटं ४० सेकंदांच्या गतीवर घसरले. सगळी बेरीज करा: २ तास २४ मिनिटं. तीन मिनिटं वाचवायला गेली आणि सात घालवून बसली.

असं का होतं? आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा असतो. सावकाश पळताना शरीर त्या साखरेबरोबर चरबीही जाळतं. वेग वाढला की भर जवळजवळ सगळा साखरेवर पडतो, आणि तो साठा काही अमर्याद नसतो. चरबी मात्र बारीक माणसाच्या अंगातही पुष्कळ असते. म्हणून पहिला भाग राखून पळायचा.

केनियाच्या केल्विन किप्टमने २०२३ साली शिकागोत पूर्ण मॅरेथॉन २ तास ३५ सेकंदांत पळून तेव्हाचा विश्वविक्रम केला. पहिलं निम्मं अंतर त्याने ६० मिनिटं ४८ सेकंदांत कापलं, दुसरं ५९ मिनिटं ४७ सेकंदांत. दुसरं जास्त जोरात! ताईसाठी आपण तेच करू. पहिले पाच किलोमीटर ६:४५ च्या गतीने, म्हणजे पाचव्या किलोमीटरला घड्याळात ३३ मिनिटं ४५ सेकंद. पुढचे दहा ६:३८ ने, म्हणजे पंधराव्याला साधारण १ तास ४० मिनिटं. आणि राहिलेले सहा ६:३३ ने. वाचायला फरक किरकोळ वाटतो, पायांना विचारा.

पाण्याकाठी आणखी एक गोष्ट असते: वारा. नाथसागरासारख्या उघड्या पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याला झाड नाही, घर नाही, अडवणारं काहीच नाही. शर्यत जाऊन परत येण्याची असेल तर एकीकडे तो पाठीत ढकलतो आणि दुसरीकडे छातीवर बसतो. सपाट वाटेवरचा हाच खरा चढ. समोरून वारा असेल तेव्हा घड्याळाकडे बघून झुंजायचं नाही. किलोमीटरला दहा सेकंद जास्त लागले तरी लागू द्यायचे, जमलं तर कुणाच्या तरी पाठोपाठ पळायचं. आणि पाठीमागून वारा असताना “आज काय जबरदस्त पळतोय मी” असं वाटलं, तर त्यातलं निम्मं श्रेय वाऱ्याचं, बरं का!

आता तयारी. ज्याला पाच किलोमीटर न थांबता पळता येतं, त्याला सोळा आठवडे पुरतात. साधारण पोळ्याच्या सुमारास सुरुवात केली की डिसेंबरअखेर गाठता येते. आठवड्यातून चार दिवस पुरे. त्यातले दोन दिवस अगदी सावकाश, इतकं की पळता पळता शेजाऱ्याशी पुरं वाक्य बोलता यावं. वाक्य तुटलं की वेग जास्त. एक दिवस जरा जोरात: एक किलोमीटर पळा, तीन मिनिटं चाला, असं चार वेळा. आणि रविवारी लांब पल्ला. तो सहा किलोमीटरपासून हळूहळू वाढवायचा, दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करायचा आणि चौदाव्या आठवड्यात अठरापर्यंत न्यायचा. नंतर अंतर उतरवायचं. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात जादा पळून काही मिळत नाही, फक्त थकवा मिळतो. हे मोठ्यांना पटवणं अवघड असतं, माझा अनुभव आहे.

किलोमीटर मोजायचे कसे? मोबाइल आहेच, पण ही युक्ती करून बघा. सायकलच्या पुढच्या चाकाचा घेर टेपने मोजा. २६ इंची चाकाचा तो जवळजवळ २ मीटर ७ सेंटीमीटर भरतो. एका आरीला चिंधी बांधा आणि चाकाच्या फेऱ्या मोजा. ४८३ फेऱ्या झाल्या की एक किलोमीटर. तिथे दगडाला चुना लावा. मोठ्या अधिकृत शर्यतींचे रस्तेसुद्धा चाकाला गणकयंत्र लावलेल्या सायकलीनेच मोजतात.

रस्ता निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. गाळपाच्या दिवसांत पहाटे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर याच रस्त्यांवर असतात, आणि मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असं नाही. समोरून येणारं वाहन दिसावं म्हणून उजव्या कडेने पळायचं, अंगात पांढरा किंवा चमकणाऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालायचा. भरतीची तयारी करणारी पोरं अंधारात काळ्या कपड्यांत पळतात, ते बघून काळजाचा ठोका चुकतो. पावसाळ्यात काळ्या रानातल्या वाटेला जाऊ नका, बुटाला किलोभर चिखल चिकटतो. धरणाच्या भिंतीवर तर परवानगीशिवाय पाऊलच टाकायचं नाही.

“पण आम्ही कधी पळायचं?” हा तुमचा प्रश्न मला ऐकू आला. आईबाबांनीही हे वाचावं. मोठ्या स्पर्धांत हाफ मॅरेथॉनसाठी बहुधा १८ वर्षं पुरी झालेली लागतात, आणि ते योग्यच आहे. वाढीच्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेचा नाजूक भाग असतो. तिथूनच हाड वाढतं. त्याच त्या आघाताने टाच किंवा गुडघा दुखायला लागला, तर “सहन कर” म्हणायचं नाही, पळणं थांबवून डॉक्टरांना दाखवायचं. तुमच्यासाठी तीन किलोमीटर आहेत, पाच आहेत, कबड्डी आहे, खो-खो आहे.

आणि उशीर होईल ही भीती नको. आपल्या जिल्ह्याला लागूनच बीडचा आष्टी तालुका आहे. तिथल्या मांडवा गावचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत, पळत जायचा, कारण वाहनच नव्हतं. शर्यतीसाठी धावायला तो लागला लष्करात भरती झाल्यावर, विशी ओलांडल्यावर! नोव्हेंबर २०२० मध्ये, वयाच्या सव्वीसाव्या वर्षी, दिल्लीच्या सपाट रस्त्यांवर त्याने हाफ मॅरेथॉन ६० मिनिटं ३० सेकंदांत पळून राष्ट्रीय विक्रम केला. किलोमीटरला २ मिनिटं ५२ सेकंद. तुमच्या शाळेच्या मैदानावर एकच किलोमीटर त्या गतीने पळून बघा, म्हणजे कळेल. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये सुवर्णपदकही मिळवलं.

तोवर ताईच्या शर्यतीत तुम्हाला काम आहे. आदल्या दिवशी तिला नवे बूट घालू देऊ नका, सरावातलेच बरे. रात्री भात किंवा भाकरी, तिखट कमी. सकाळी निघण्याआधी दीड-दोन तास एखादं केळं, नाहीतर गूळ-पोळी, जे सरावात पचलं असेल तेच. वाटेत तहान लागेल तसे पाण्याचे दोन-चार घोट, जमलं तर मीठ-साखरेचं लिंबूपाणी. तांब्याभर पाणी एकदम पिणंही वाईट. थंडीतही आठ वाजल्यानंतर ऊन चढतं आणि पाण्यावरून डोळ्यांवर येतं, म्हणून टोपी हवीच. चक्कर, थंडी वाजणं, बोलणं अडखळणं यातलं काही दिसलं तर शर्यत तिथेच संपली. सावलीत घ्या, मदत बोलवा.

आणि तुम्ही? वेळा लिहिलेली चिठ्ठी घेऊन पाचव्या किलोमीटरच्या खुणेजवळ उभे राहा. ती ३३ मिनिटांच्या आत आली, तर बेंबीच्या देठापासून ओरडा, “ताई, हळू!” ती रागावेल. रागावू दे. मग सायकल काढून आडवाटेने पंधराव्यापर्यंत जा. तिथे ती १ तास ४० मिनिटांच्या आसपास आली आणि तुमच्याकडे बघून हसली, तर चिठ्ठी खिशात टाका आणि म्हणा, “आता सूट!”