गेंड्याच्या गळ्यातला पिवळा ठिपका

थायरॉइड काढायची ठरली की रुग्णाचा पहिला प्रश्न ठरलेला: आवाज तर जाणार नाही ना? दिल्ली, नोएडा, गुरुग्रामकडे हल्ली त्याच्या जोडीला दुसरा येतो, गळ्यावर व्रण राहील का? काखेतून, तोंडातून, रोबो लावून केलेल्या 'बिनडागाच्या' शस्त्रक्रियांच्या जाहिरातींचा हा परिणाम.

आवाजाची भीती खोटी नाही. स्वरयंत्राकडे जाणाऱ्या नसा थायरॉइडला अगदी लागून जातात. एकीला धक्का बसला तर आवाज घोगरा होतो, दोन्ही निकामी झाल्या तर श्वास अडतो. पण सरावाच्या हातून कायमची इजा शंभरात एखाद्यालाच होते. पूर्ण ग्रंथी काढल्यावर सर्वांत जास्त आढळणारा त्रास वेगळाच, आणि त्याबद्दल सहसा कुणी विचारत नाही. तो म्हणजे रक्तातलं कॅल्शियम घसरणं.

थायरॉइडच्या पाठीमागे मसुराच्या दाण्याएवढ्या, पिवळट-तपकिरी अशा बहुधा चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. कॅल्शियमचा हिशेब त्यांच्याकडे. चरबीत त्या ओळखूही येत नाहीत, आणि जागेवर राखल्या तरी रक्तपुरवठा तुटला की मलूल पडतात. मग एकदोन दिवसांत ओठांभोवती झिणझिण्या येतात, बोटं आखडतात. रक्तदाबाचा पट्टा आवळला तर पंजा आपोआप वाकडा होतो. बहुतेकांचं काही आठवड्यांत सुरळीत होतं, थोड्यांना मात्र गोळ्या जन्मभराच्या.

या ग्रंथी पहिल्यांदा कुणाला दिसल्या? लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1849 साली आपल्याकडचा एकशिंगी गेंडा मेला. शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्याचं शवविच्छेदन केलं आणि थायरॉइडला चिकटलेल्या एका लहानशा पिवळ्या ग्रंथीची नोंद करून ठेवली. एवढ्या धिप्पाड जनावरात एवढीशी गोष्ट टिपणारी नजर काय असेल! माणसातल्या ग्रंथींचं सविस्तर वर्णन 1880 मध्ये केलं स्वीडनमधल्या उप्साला इथल्या इवार सँडस्ट्रॉम या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने. त्याच्या निबंधाची जगाने फारशी दखल घेतली नाही. 1889 मध्ये, चाळिशीही न गाठता, त्याने आत्महत्या केली.

त्याच काळात व्हिएन्नात बिलरोथ आणि बर्नमध्ये कोखर हे सर्जन धडाक्याने गलगंड कापत होते. बिलरोथ यांच्या रुग्णांना आकडी येई. कोखर यांचे रुग्ण पुढे सुजत, मंद होत. दोघांकडे वावरलेल्या अमेरिकन सर्जन हॉलस्टेड यांनी याचं मार्मिक कारण सुचवलं. बिलरोथ यांचा हात झपाट्याचा, त्यामुळे थायरॉइडचे तुकडे मागे राहत आणि पॅराथायरॉइड निघून जात. कोखर सावकाश, नेटके, रक्त न सांडता काम करत. पॅराथायरॉइड वाचत, पण थायरॉइड अगदी निपटून निघे. ती पूर्ण काढण्याचे दुष्परिणाम कोखर यांनी 1883 मध्ये स्वतःच जाहीर केले. 1909 चं नोबेल त्यांना मिळालं. सँडस्ट्रॉमचं नाव आजही किती सर्जनांना आठवत असेल, शंकाच आहे.

कॅल्शियमच्या या घसरणीत दिल्लीकरांची एक खास अडचण आहे. पॅराथायरॉइड मलूल असताना आतड्यातून कॅल्शियम शोषायला शरीरात ड जीवनसत्त्वाची शिल्लक हवी, आणि उन्हाच्या या शहरात तीच कमी. एम्सचे रवींदर गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी 2000 साली दिल्लीतल्या निरोगी माणसांची पातळी मोजून प्रसिद्ध केली. उन्हात राबणाऱ्या सैनिकांची त्यातल्या त्यात बरी निघाली. डॉक्टर आणि नर्स मात्र त्यांच्या बरेच खाली होते. थायरॉइड अति काम करत असेल तर हाडं आधीच झिजलेली असतात; शस्त्रक्रियेनंतर ती रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतात, आणि घसरण आणखी वाढते.

तेव्हा तारीख घेण्यापूर्वी ड जीवनसत्त्व तपासून कमतरता भरून काढता येते. व्रणाची चौकशी करताना, वर्षाला किती थायरॉइड काढता, हेही सर्जनला बेधडक विचारावं. हात जितका सरावाचा तितकी गुंतागुंत कमी, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. रोबोची जाहिरात त्याबद्दल काही सांगत नाही.