रुग्णाच्या नकळत

एसटी स्टँडच्या आवारात, रेल्वे फाटकाशेजारच्या भिंतीवर ही जाहिरात हमखास दिसते: ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा.’ तिला गिऱ्हाईक मिळतं, कारण घरातल्या दारूबद्दल चारचौघांत बोलायची आपल्याला लाज वाटते. बायको आमटीत पूड कालवते आणि गुण येण्याची वाट पाहते. पुडीत काय आहे, हे तिला कोणी सांगत नाही. डायसल्फिरामसारखं औषध नकळत पोटात गेलं आणि त्यावर माणूस प्यायला, तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो; जीवही जाऊ शकतो. डॉक्टरही हे औषध देतात, पण रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या संमतीने.

दुसरा घरगुती उपाय कोंडून ठेवण्याचा. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की काही तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो. काहींना आकडी येते. दोन-तीन दिवसांत एखादा भिंतीवर नसलेले किडे दाखवू लागतो, चादर चाचपत राहतो, पोटच्या पोरांना ओळखत नाही. घरचे म्हणतात, बाहेरचं लागलंय. खरं तर दारूला सरावलेला मेंदू ती अचानक थांबल्यामुळे बेभान झालेला असतो. तेव्हा रुग्णालयच गाठायला हवं. अंगाऱ्या-धुपाऱ्यात गेलेला वेळ जिवावर बेतू शकतो.

म्हणूनच पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं मोल मला फार वाटतं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळावर ते उभं केलं. तिथे पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. ‘तूच त्याला सांभाळलं नाहीस’ हे सासरी-माहेरी ऐकून घेतलेल्या बाईला तिथे मोकळेपणी बोलता येतं. व्यसनमुक्त राहिल्याचे वाढदिवस साजरे होतात. कुणाचा पाय पुन्हा घसरला, तर मधुमेहात साखर वाढल्यावर करतो तसे उपचार पुन्हा सुरू करायचे. त्यात नाक कापलं जाण्यासारखं काय आहे?

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांमुळे उद्भवणाऱ्या मानसिक अवस्थांना आजारच मानलंय. मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांप्रमाणेच विमा द्यावा, असंही तो सांगतो. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. पिणारा उपचारांना तयार नसला, तरी घरच्यांनी फोन करावा.